जुना खेळ चालत नाही? मग खरा अभ्यास आता सुरू होतो!



१९९० नंतरच्या दशकात आपल्याकडच्या अनेक शाळांत संगणक आले, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन आगंतुक पाहुणेही आले. एक भुयारांतून धावणारा आणि खड्ड्यांवरून उड्या मारणारा राजपुत्र. दुसरा रत्ने गोळा करीत चषक शोधणारा डेव्ह. अभ्यासक्रमात दोघांनाही जागा नव्हती. सर पाठमोरे झाले की ते पडद्यावर येत आणि पावलांचा आवाज आला की नाहीसे होत. तुमच्या आईवडिलांसमोर ‘प्रिन्स’ आणि ‘डेव्ह’ ही दोन नावे घेऊन पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता समजा, त्या प्रिन्सची जुनी फाइल तुमच्या हाती लागली. ती तुम्ही आजच्या संगणकावर ठेवली आणि सुरू केली. राजपुत्र येत नाही. ‘हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही’ अशा अर्थाची एक कोरडी सूचना तेवढी येते. गंमत अशी की त्या फाइलमधला एकही अंक बदललेला नाही. तुमचा संगणकही बिघडलेला नाही. उलट, जुन्या यंत्रापेक्षा तो हजारो पटींनी वेगवान आहे. मग अडते कुठे?

या प्रश्नाकडे आपल्या शाळांत फारसे कोणी लक्ष देत नाही. ‘खेळच तो, नाही चालला तर बरेच झाले’, असे म्हणून विषय संपतो. माझे मत नेमके उलट आहे. संगणक आतून कसा चालतो हे शिकायला बंद पडलेल्या जुन्या खेळाइतके चांगले साधन शाळेला फुकटात दुसरे मिळणार नाही.

घरातले एक उदाहरण घेऊ. ‘डाळीला चार शिट्ट्या दे’ असे आजी सांगते. ही कृती अचूक आहे, पण आजीच्या कुकरपुरती. वेगळ्या कुकरमध्ये, वेगळ्या शेगडीवर त्याच चार शिट्ट्यांत डाळीचे पाणी होईल किंवा ती कच्ची राहील. म्हणजे अर्धी कृती आजीच्या शब्दांत आणि अर्धी तिच्या कुकरमध्ये असते. जुन्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे. त्याचा अर्धा भाग फ्लॉपीवर असतो आणि उरलेला अर्धा ज्या यंत्रासाठी तो लिहिला त्या यंत्रात असतो.

पहिला घोटाळा वेगाचा. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्यातला ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोक्यांनी चाले. हा आकडा असा विचित्र का? पाच का नाही? तर त्या यंत्रात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता आणि सगळ्या कामांना त्याचेच ठोके वाटून दिलेले होते. त्याला तीनने भागले की प्रोसेसरचा ४.७७ हा वेग मिळे. चारने भागले की ३.५८ मिळे, आणि हा आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताचा होता. बाराने भागले की सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके मिळत. ते आतल्या घड्याळाकडे जात. ते घड्याळ ६५,५३६ ठोके मोजून एकदा टोल देई. भागाकार करून पाहा: सेकंदाला १८.२ टोल, म्हणजे एका टोलाला सुमारे ५५ मिलिसेकंद.

खेळ लिहिणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. या घड्याळाला वेळ विचारावी, नाहीतर प्रोसेसरला नुसतेच अंक मोजायला लावून वेळ काढावा. काहींनी तर थांबण्याचा विचारच केला नाही. यंत्र जितक्या वेगाने चित्रे काढील तितका खेळाचा वेग. १९९० चा ‘विंग कमांडर’ हा खेळ पुढच्या वेगवान संगणकांवर इतका पळू लागला की शत्रूचे यान दिसते न दिसते तोच लढाई संपे. अशा खेळांसाठी त्या काळच्या अनेक संगणकांना ‘टर्बो’ नावाचे बटण असे. नाव वेगाचे, पण त्याचा खरा उपयोग यंत्र मुद्दाम हळू करण्यासाठी!

याहून मला आवडते ती ‘टर्बो पास्कल’ची गोष्ट. या भाषेतल्या प्रोग्रॅमांना सोबत मिळणारा एक तयार भाग मोठा शहाणा होता. यंत्राचा वेग तो गृहीत धरीत नसे, मोजत असे. एका टोलात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजायचे आणि त्या संख्येला ५५ ने भागायचे, की एका मिलिसेकंदाच्या फेऱ्या मिळाल्या. पद्धत अगदी शास्त्रीय. पण उत्तर ठेवायला जागा होती १६ बिटांची, आणि १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. तिला ५५ ने गुणा: ३६,०४,४२५. म्हणजे एका टोलात यापेक्षा थोड्या जास्त फेऱ्या झाल्या की उत्तर जागेत मावणार नाही. असे यंत्र कधी निघेल, हे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे प्रोसेसर आले आणि काल चालणारे प्रोग्रॅम सुरू होताहोताच बंद पडू लागले. पडद्यावर तक्रार येई: ‘रनटाइम एरर २००’, म्हणजे शून्याने भागाकार. वास्तविक शून्याने कोणीच भागले नव्हते! उत्तर न मावणे आणि शून्याने भागणे या दोन्ही प्रसंगी प्रोसेसर एकच धोक्याची घंटा वाजवतो, आणि प्रोग्रॅमने तिचा नेहमीचा अर्थ लावला. गणिताच्या शिक्षकांनी हा एकच प्रसंग फळ्यावर मांडला, तर संख्येला ‘जागा’ लागते म्हणजे काय हे वर्गातल्या शेवटच्या बाकालाही समजेल.

दुसरा अडथळा सरळ आहे. आजचा प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीत चालू केला की ८०८६ चे सोंग घेण्याची त्याची जुनी सोय बंद होते. म्हणून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवण्याची व्यवस्थाच नाही. आणि २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचेच आहे.

यावर उपाय आहे तो बहुरूप्याचा. अॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ मध्ये दाखवून दिले होते की, दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे वर्णन दिले की त्याची हुबेहूब नक्कल करील असे एकच यंत्र कल्पिता येते. २००२ पासून मोफत मिळणारा ‘डॉसबॉक्स’ हा प्रोग्रॅम घरबसल्या तेच करतो. जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचायची, त्याने जे केले असते ते करायचे, वर ध्वनीचे आणि चित्राचे जुने कार्डही आपणच व्हायचे. त्यात कंट्रोल आणि एफ-११ दाबले की नकली यंत्र हळू होते, एफ-१२ ने वेगवान होते. एखादा खेळ सुरू करून या दोन कळांनी वेग बदला आणि वहीत नोंदी करा. वेग बदलला तरी तालात चालणारा खेळ घड्याळाला विचारतो आहे. वेगाबरोबर धावत सुटणारा नुसते अंक मोजतो आहे. लेखकाने कोणती वाट धरली होती हे त्याला न भेटता तुम्ही सांगू शकाल.

चित्राचीही एक मेख आहे. त्या काळचे बहुतेक खेळ ३२० बाय २०० ठिपक्यांत काढलेले असत, पण पडद्याची काच ४ : ३ प्रमाणाची. हिशेब करा: प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच येतो. आजचे ठिपके चौरस असतात, म्हणून जुने चित्र जसेच्या तसे दाखवले तर चित्रकाराने काढलेला गोल चंद्र वरून दाबलेल्या लाडवासारखा दिसतो. पुष्कळांना हे जाणवतही नाही. मला मात्र ते जुन्या चित्राची चौकट मोडून ते ताणून बसवल्यासारखे वाटते.

बहुरूपी नको असेल तर दुसरी वाट म्हणजे मूळ आज्ञावली मिळवून ती नव्या यंत्रासाठी बांधणे. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ या खेळाची मूळ आज्ञावली त्याच्या कर्त्यांनी डिसेंबर १९९७ मध्ये खुली केली, म्हणून तो आज जवळजवळ कशावरही चालतो. आपल्या राजपुत्राचे नशीब मात्र थोडक्यात वाचले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेक्नर यांनी १९८९ मध्ये अॅपल-२ या संगणकासाठी पुरा केला. त्याची मूळ आज्ञावली त्यांच्याजवळही सापडेना. २०१२ मध्ये वडिलांच्या घरातल्या एका खोक्यात फ्लॉप्या निघाल्या आणि जाणकारांच्या मदतीने त्या वाचता आल्या. खोके रद्दीत गेले असते तर?

इथे कायद्याबद्दल दोन शब्द. पुष्कळ जुन्या सीडींवर नक्कल अडवणारे कुलूप असे. त्यांपैकी ‘सेफडिस्क’ या कुलपाचा भाग सुरक्षिततेला धोकादायक ठरला आणि २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने तो चालवणे नाकारले. ते योग्यच झाले. पण परिणाम असा की पैसे मोजून सीडी घेणाऱ्याचा खेळ बंद आणि कुलूप तोडलेली चोरटी प्रत चालू! अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीत तिथे २०१० पूर्वी निघालेले ८७ टक्के खेळ आता विक्रीतच नाहीत असे आढळले. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमाने रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची स्वतःपुरती राखीव प्रत करायला मुभा दिली आहे. ती गावभर वाटायला नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतात, फ्लॉपी काही तेवढी टिकत नाही. विक्रीतून गेलेले प्रोग्रॅम जतन करण्याची आणि अभ्यासकांना दाखवण्याची स्पष्ट मोकळीक ग्रंथालयांना असावी, असे मला वाटते.

शिक्षकमित्रांनो, ‘एवढा खटाटोप खेळासाठी?’ असे तुम्ही विचाराल. खेळ हे निमित्त. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड बसवून डॉसच्या संगणकावर देवनागरी लिहिता येई. त्यानंतर निरनिराळ्या फाँटांचे युग आले. आज त्या काळच्या मराठी फाइली उघडल्या की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण इथेही अर्धा मजकूर फ्लॉपीवर आणि अर्धा यंत्रात होता. एखाद्या वाचनालयाची ग्रंथसूची, एखाद्या शाळेची स्मरणिका अशा फाइलींत अडकून पडलेली असू शकते. जुने यंत्र नव्यात उभे करायला जो मुलगा राजपुत्रासाठी शिकला, तोच उद्या ती सूची सोडवील. एका शाळेच्या भांडारात मी स्वतः अशा फ्लॉप्यांचे दोन डबे पाहिले होते. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ते भंगारात गेलेले होते.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून साडेतीन इंची फ्लॉपी निघाली तर ती फेकू नका. यूएसबीला जोडायचे वाचकयंत्र अजून मिळते. पण घाईने आत सरकवू नका. फ्लॉपी उलटी करा. कोपऱ्यात एक लहान सरकपट्टी दिसेल. तिथले भोक आरपार उघडे दिसेल अशी ती सरकवा, म्हणजे नवा संगणक तिच्यावर काही लिहू शकणार नाही. मग पहिल्याच खेपेला संपूर्ण फ्लॉपीची प्रत काढून घ्या. दुसरी खेप मिळेलच असे नाही.