डांबर आधी आतून



गेल्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची सभा झाली. विषय नेहमीचाच. पाऊस तोंडावर आलाय, प्रार्थनाघराच्या पत्र्यांना डांबर मारून घ्यायचं ना? गेली चार वर्षं आपण मे महिन्यात डांबर मारतो आणि जुलैत गायनवृंदाच्या बाकाशेजारी बादली ठेवतो. मी सभेत ‘नको’ म्हटलं, तेव्हा काहींना वाटलं की मी पैशांसाठी अडून बसलोय. म्हणून माझं म्हणणं इथे नीट मांडतो.

पत्रा सहसा मधोमध गळत नाही. एक पत्रा दुसऱ्यावर चढतो, तिथे गळतो. पाणी उतारावरून खाली जातं हे खरं. पण दोन पत्र्यांमधली फट अगदी बारीक असली की तेच पाणी वरही चढतं, वातीतून तेल चढतं तसं. त्यात आपल्याकडचा पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. जोडाची उघडी कड त्या बाजूला असेल, तर वारा पाणी आत ढकलतो. म्हणून उतारावरच्या जोडात वरच्या पत्र्याने खालच्याला निदान सहा इंच झाकायला हवं, आणि उतार कमी असेल तर त्याहून जास्त.

डांबर मात्र आपण या जोडाच्या कडेवर वरून फासतो. सहा मीटर लांबीचा लोखंडी पत्रा पहाटेपेक्षा दुपारी चाळीस अंशांनी जास्त तापला, तर तो सुमारे तीन मिलिमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आखडतो. उन्हाने कडक झालेल्या डांबराला ही ओढाताण सोसत नाही, ते तडकतं. तड्यातून शिरलेलं पाणी मग त्याच डांबरामुळे बाहेर पडू शकत नाही. ते जोडात साचून राहतं आणि पत्रा आतून गंजतो. गळती थांबवायला दिलेलं दान अशा रीतीने गंजाला खतपाणी घालतं.

खरं तर कोयलीत हे सांगायची गरज पडू नये. १९६५ पासून इथे रिफायनरी आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी फिटरचं काम केलंय किंवा घरात पाहिलंय. दोन फ्लँजच्या मधून गळती झाली, तर जाणता फिटर बाहेरून लेप थापून घरी जातो का? लाइन बंद करायची, बोल्ट सोडायचे, दोन्ही तोंडं घासून साफ करायची, मध्ये नवं गॅस्केट ठेवायचं आणि बोल्ट सारखे आवळायचे. पत्र्याच्या जोडालाही हेच हवं.

उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, चौदाव्या वचनात, नोहाला तारवाला डांबर लावायची आज्ञा होते. तिथे आतली बाजू आधी येते, बाहेरची नंतर. पण मला जास्त बोचतो तो यहेज्केलाचा तेरावा अध्याय. कच्ची भिंत उभी राहते आणि संदेष्टे तिला वरून गिलावा करतात. ठीक नसलेलं सगळं ठीक आहे असं त्यांनी लोकांना भासवलं, यावर देवाचा राग आहे. आपलं मे महिन्यातलं डांबर त्याच जातीचं आहे. ते पाहून आपण निश्चिंत होतो.

मंडळीतल्या भांडणांचंही आपण असंच करतो. दोन घरांत वितुष्ट येतं, नाताळच्या आधी हस्तांदोलन करवतो, फोटो काढतो. मुळात काय झालं ते कोणी विचारत नाही, कारण स्क्रू सोडायला भीती वाटते. छप्पर मोकळं केलं तर उडून जाईल असं वाटतं. म्हणून जोड तसाच राहतो, आणि आत काय गंजतंय ते पुढच्या पावसात कळतं.

तर माझी सूचना अशी. या वर्षी डांबर नको. कोरड्या दिवशी, सकाळच्या गारव्यात, एकेक जोड उघडू या. स्क्रू सैल करून वरचा पत्रा थोडा उचलायचा, जुनं डांबर आणि गंज तारेच्या ब्रशने काढायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं. मग स्क्रूच्या ओळीच्या वरच्या अंगाला ब्युटाइलची चिकट टेप पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्या-खोलग्याला लागून, कुठेही न तोडता बसवायची. उतार कमी असेल तिथे खालच्या कडेजवळ दुसरी ओळ. स्क्रूचे रबरी वॉशर नवे घालायचे आणि ते दबेपर्यंतच आवळायचे. जास्त आवळले की रबर फाटतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आणू नका, त्यातलं आम्ल पत्र्याचा जस्ताचा थर खातं.

खर्च या वर्षी डांबरापेक्षा जास्त येईल, हे मी लपवत नाही. मेहनतही जास्त आहे. पत्र्यावर चढणाऱ्याने दोर बांधूनच चढावं आणि खाली आधार असलेल्या स्क्रूच्या ओळीवरच पाय द्यावा. तरुणांना एकटं पाठवू नका, जाणता कारागीर बरोबर हवाच.

कमिटीने होकार दिला, तर येत्या शनिवारी सकाळी सहाला मी शिडी घेऊन येतो. तुम्ही फडकी आणि तारेचे ब्रश आणा. आणि गायनवृंदाच्या बाकावर कोपऱ्यात बसणाऱ्या आजींना सांगा, की या जुलैत त्यांनी गीतांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणू नये, यासाठी आम्ही खटपट करतोय.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो.