अर्धा हिशेब पुरे झाला!

मलिद्याची पंगत असो की शब्बाथनंतर सिनेगॉगच्या दारातील गप्पा असोत, आजकाल एक वाक्य हमखास कानी पडते : "विजेची गाडी म्हणजे निव्वळ धूळफेक! तिची बॅटरी बनवतानाच सगळे प्रदूषण होऊन जाते." आमच्या समाजबांधवांना हिशेबाची आवड आहे, याचा आम्हांला आनंदच आहे. पण हा हिशेब अर्धा आहे.

बॅटरीचा दोष आम्ही लपवीत नाही. मध्यम गाडीची बॅटरी तयार होताना सुमारे 5 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोबाल्ट मुख्यतः कांगोच्या खाणींतून येते आणि तेथे लहान मुलेही राबतात. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यावर पुढे काय होते, ते कोण मोजणार?

1 लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. 100 किलोमीटरला 7 लिटर धरले तर 16 किलो. तेल उपसणे व शुद्ध करणे वेगळेच. विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतराला सुमारे 18 युनिटे लागतात. इस्रायलची निम्म्याहून अधिक वीज एकेकाळी कोळशावर होत असे. तामारचा वायू 2013 साली व लेव्हियातानचा 2019 च्या अखेरीस सुरू झाला आणि आता बहुतांश वीज वायूवर होते. म्हणजे 18 युनिटांमागे फार तर 9 किलो. बॅटरीचे कर्ज 50 ते 70 हजार किलोमीटरमध्ये फिटते. सूर्यशक्तीची वीज वाढेल तसे ते आणखी लवकर फिटेल. पेट्रोलच्या गाडीचे कर्ज मात्र रोज वाढतच जाते.

कोकणातील आमचे पूर्वज शनवार तेली. चार शेरांपैकी तीन शेर तेल मातीत सांडणारा घाणा त्यांनी एक दिवस तरी ठेवला असता काय? पेट्रोलचे इंजिन जवळजवळ तेच करते!

विजेची गाडी मिरवणाऱ्यांनाही आमचे दोन शब्द. एकट्या माणसासाठी दोन टनांची गाडी पळवणे ही निसर्गसेवा नव्हे. बस त्याहून बरी. आणि ज्यांची जुनी गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच धावते, त्यांनी घाई करू नये.

पण अश्दोद, लोद, दिमोना येथील आमच्या इमारतींच्या समित्यांत चार्जिंगच्या जागेला केवळ ऐकीव गोष्टींवरून नकार देणे थांबले पाहिजे. धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. हात वर करण्यापूर्वी हिशेब पुरा करा, एवढेच आमचे सांगणे.