घोडदळाची निशाणे

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने सैन्याच्या पुनर्रचनेचा कायदा केला आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या नवव्या व दहाव्या घोडदळ रेजिमेंट उभ्या राहिल्या. शिपायांपैकी अनेक जण कालपरवापर्यंत गुलाम होते. अधिकारी मात्र बहुतेक गोरे. गुलामांना अक्षरओळख करून देणे दक्षिणेतील अनेक राज्यांत गुन्हा होता. त्यामुळे रेजिमेंटच्या धर्मोपदेशकाने शिपायांना लिहिणे-वाचणे शिकवावे, अशी तरतूद त्या कायद्यातच करावी लागली. अशा माणसांच्या हातची पत्रे वा रोजनिशा किती उरणार? म्हणूनच त्यांनी वाहिलेल्या निशाणांना कागदपत्रांचे मोल येते.

घोडदळाच्या प्रत्येक कंपनीजवळ दुभंगलेल्या टोकाचे एक लहान निशाण असे. धुळीच्या लोटात आपली तुकडी कोठे आहे, हे स्वाराला त्यावरून कळे. १८८५ पासून या निशाणाचा वरचा भाग तांबडा व खालचा पांढरा झाला. तांबड्यावर रेजिमेंटचा अंक आणि पांढऱ्यावर कंपनीचे अक्षर. तो अंक नऊ किंवा दहा असला की संग्राहकांच्या बाजारात किंमत चढते आणि बनावट मालही तेथेच उगवतो. जाणकार शिवण निरखतात, धागा अतिनील प्रकाशात धरून पाहतात. अलीकडचा धागा त्यात बहुधा चमकून उठतो.

रक्ताने मिळवलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री व्हावी काय, असा आक्षेप घेतला जातो. तो उथळ नाही; पण संस्थांच्या हाती सारे सुरक्षित राहते, हा समजही खरा नव्हे. डेव्हिड बस्टिल बाउझर या फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय चित्रकाराने यादवी युद्धात कृष्णवर्णीय पायदळासाठी रेशमी ध्वज रंगवले होते. त्यांपैकी काही वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात होते. १९४० च्या दशकात ते चक्क टाकून देण्यात आले. आता त्यांची छायाचित्रे तेवढी पाहायची! १२७ व्या रेजिमेंटचा ध्वज मात्र वाचला. २०१९ साली अटलांटा येथील इतिहास केंद्राने तो लिलावात १,९६,८०० डॉलर देऊन घेतला. पैसा नेहमीच इतिहासाचा वैरी असतो असे नाही.

तरीही संग्राहकाचा हक्क मर्यादितच मानला पाहिजे. निशाण कोणाच्या घरून आले, मधल्या काळात कोणाकडे होते, ही हकिकत हरवली की मागे नुसते कापड उरते. ते हौसेने उन्हाच्या भिंतीवर टांगले, तर रेशीम काही वर्षांतच विरते. आणि तिजोरीत कुलूपबंद केले, तर ज्या शिपायांचे ते होते त्यांच्या पणतवंडांनाही दिसत नाही. सार्जंट जॉर्ज बेरी याने १८९८ साली क्यूबातील सान हुआनच्या टेकडीवर आपल्या दहाव्या रेजिमेंटच्या ध्वजाबरोबर गोऱ्यांच्या तिसऱ्या रेजिमेंटचाही ध्वज चढवून नेला, कारण त्यांचा ध्वजधारी कोसळला होता. असा प्रसंग तिजोरीत ठेवण्यासाठी नसतो.

संग्रहालयाच्या भिंतीवर लावताना मात्र निशाणाखाली आणखी एक नाव लिहावे लागेल. १८८० साली याच रेजिमेंटांनी अपाची जमातीचा सरदार व्हिक्टोरिओ याचा पाठलाग केला होता. तो आपल्या लोकांच्या भूमीसाठी लढत होता.