पर्वणीचा घाट, बुधवारचा घाट

दिवाळीची सुट्टी जवळ आली की हल्ली फराळाच्या आधी प्रवासाचं ठरतं. कोकण, गोवा, काशी, अयोध्या, जमलं तर परदेश. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. आपल्या आजी-आजोबांना काशीयात्रा आयुष्यात एकदा घडली तरी धन्य वाटायचं. आज साध्या नोकरदार घरातली माणसंही जग पाहून येतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आपण जिथे जातो तिथला चौक, घाट, बाजार आपल्यासाठी बदलत जातो आणि आपण तिकडे असताना आपलं गाव दुसऱ्या कुणासाठी बदलत असतं. यंदाच्या संपादकीयासाठी हा विषय घेतला, कारण हा अंक नाशकातून निघतो आणि २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आता तोंडावर आला आहे.

ज्यांनी इथला गोदावरीकाठचा गंगाघाट फक्त छायाचित्रांत पाहिला असेल त्यांनी एखाद्या बुधवारी यावं. आठवडे बाजाराच्या दिवशी घाट दिसतच नाही, दिसतात ताडपत्र्या आणि छत्र्या. आसपासच्या खेड्यांतून आलेली मेथी-कोथिंबीर, सुपं, टोपल्या, विळे, खुरपी, स्वस्त कपड्यांचे ढीग. त्याच गर्दीच्या कडेला, पाण्यालगत, कुणी दशक्रिया विधीसाठी डोकं भादरून घेत असतं. तीर्थोपाध्याय वही उघडून यजमानाच्या पणजोबांचं नाव शोधत असतात. पोरं पाण्यात उड्या टाकत असतात. उन्हाळ्यात देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिला तिकीट नाही आणि आमंत्रणही नाही. खुर्ची मिळाली तर खुर्ची, नाही तर पायरी. पावसाळ्यात सगळं गाव दुतोंड्या मारुतीकडे डोळे लावून असतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्यापर्यंत गेलं, यावरून नाशिककर पूर मोजतात.

इतके उपयोग कुणी एका आराखड्यात मांडलेले नाहीत. पायऱ्या, मोकळी फरशी, थोडी सावली आणि कुणाची परवानगी लागू नये ही मुभा, एवढ्यावर ही जागा चालत आली आहे. अर्थात ही मुभाही सगळ्यांना आपोआप मिळालेली नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच घाटाजवळच्या पंचवटीत. देवळावर, रथावर, रस्त्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न इथे माणसांनी दगड झेलून विचारला आहे. म्हणून या परिसरात फरशी कुठली बसवायची हा प्रश्नही आम्हाला निव्वळ सुशोभीकरणाचा वाटत नाही.

तीर्थक्षेत्रांकडे आता सरकार धार्मिक पर्यटनाची केंद्रं म्हणून पाहतं. केंद्राने २०२४ मध्ये पर्यटनस्थळांच्या विकासासाठी राज्यांना मदत मंजूर केली, त्यात नाशकातल्या ‘रामकाल पथा’साठी सुमारे ९९ कोटी रुपये आहेत. पैसा येतो आहे, याचं स्वागत करू. पण पर्यटनाच्या खात्यातून येणाऱ्या पैशाला दाखवण्याजोगं काहीतरी लागतं. कमान दाखवता येते, पुतळा दाखवता येतो, रंगीत दिव्यांची रोषणाई ड्रोनमधून सुरेख दिसते. बुधवारच्या बाजारातल्या बाईला टोपली टेकायला मिळालेली सहा फूट जागा कुठल्याही माहितीपत्रकात दिसत नाही.

गर्दीचा विचार करावाच लागतो, हे आम्ही विसरलेलो नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. अरुंद, उताराच्या गल्ल्यांत तेव्हा जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून रस्ते रुंद झाले आणि नवे घाट झाले, तर त्याला विरोध कोण करेल? पण पर्वणीसाठी केलेलं काम पर्वणी संपल्यावरही तिथेच राहतं आणि पुढची बारा वर्षं गावाला त्याच्यासोबत काढावी लागतात. गोदावरीच्या कुंडांचंच पाहा. सिंहस्थाच्या तयारीत पात्रात आणि कुंडांच्या तळाशी काँक्रीट पडलं. त्याखाली जिवंत झरे दडपले गेले, असं गोदाप्रेमी मंडळी वर्षानुवर्षं सांगत राहिली, न्यायालयात गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं आणि त्यात टँकरने पाणी सोडावं लागलं. दुष्काळाचं साल होतं आणि धरणात साठा कमी होता, हे खरंच. पण तळाशी झरे मोकळे असते तर निदान ओल तरी राहिली असती, असं त्या मंडळींचं म्हणणं होतं. आम्हालाही ते पटतं. पुढे काही कुंडांमधलं काँक्रीट काढायची वेळ आली. घालायला पैसे, काढायलाही पैसे.

गर्दीच्या धास्तीचं दुसरं टोकही आपण पाहिलं आहे. २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या शाहीस्नानाला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं, स्थानिक घरात अडकले आणि गर्दी अंदाजापेक्षा कितीतरी कमी झाली. पुढच्या पर्वण्यांना निर्बंध सैल करावे लागले.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. बार्सेलोनात पार्क ग्वेलच्या मुख्य भागाला २०१३ पासून तिकीट आहे. त्या टेकडीवरून ११६ नंबरची छोटी बस जाते. पर्यटकांनी ती इतकी भरू लागली की बाजारहाट करून घरी निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना तिच्यात पाय ठेवायला जागा मिळेना. रहिवाशांनी बराच काळ पाठपुरावा केला, तेव्हा २०२४ मध्ये ही बस मोबाइलमधल्या नकाशावरून काढून टाकण्यात आली. आता ज्याला ठाऊक आहे तो चढतो. व्हेनिसने त्याच वर्षी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. पण तिथल्या जुन्या शहरातली वस्ती त्याआधीच पन्नास हजारांच्या खाली आली होती. आणि पणजीच्या फोंतेन्हासमध्ये राहत्या घरांच्या भिंतींवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावायची पाळी आली. आपल्याच ओसरीवर बसायची चोरी!

पाहुणा येतो तो गावात जीव आहे म्हणून. घाटावरचा बाजार, विधी, व्याख्यान, पोहणारी पोरं यांना हलवून तिथे नुसती चकचकीत फरशी ठेवली, तर पाहुणाही फोटो काढून दहा मिनिटांत पुढे जाईल. उलट रोजच्या माणसाला सोयीची असलेली जागा पाहुण्यालाही आवडते. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाला येणाऱ्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककर त्या झाडांखाली जमले, ते यामुळेच. येणाऱ्या साधूंशी कुणाचं वैर नव्हतं. सावली साधूलाही लागते, आणि मेळा उठल्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांनाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. घाटाच्या प्रत्येक आराखड्यात बुधवारच्या बाजाराची जागा रेषा मारून दाखवावी. ‘नंतर बघू’ असं सांगून विक्रेत्यांना उठवू नये. पात्रात नवं काँक्रीट टाकू नये. पायऱ्या म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपतील अशा असाव्यात, कठडा असावा, झाड असावं. बायकांसाठीचं स्वच्छतागृह पर्वणीच्या तीन दिवसांपुरतं नको, बाराही महिने उघडं, उजेडाचं आणि पाण्याचं हवं. पटांगणाला तिकीट लागू नये. कुंभमेळा प्राधिकरणाने सगळे नकाशे मराठीत, घाटावरच फलक लावून दाखवावेत आणि हरकती नोंदवायला पुरेशी मुदत द्यावी.

वाचकांपैकी अनेक जण हा अंक प्रवासातच वाचतील. ज्या गावात असाल तिथल्या स्थानिक बाजाराची वेळ विचारून घ्या, भाजी घ्यायला आलेल्यांना आधी वाट द्या आणि कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारा. परत आलात की आपल्या नगरपालिकेत जाऊन तुमच्या चौकाचा, तळ्याचा, मैदानाचा आराखडा मागा. तुमच्या गावात काय चाललं आहे ते आम्हाला लिहून कळवा. आलेली पत्रं आम्ही पुढच्या अंकात छापू.