सुलह कुणाच्या खर्चाने?

माझं अक्षर चांगलं आहे. मराठीही आणि उर्दूही. बी.एड.ला असताना फळालेखनात नंबर यायचा, आजही शाळेतली सगळी प्रमाणपत्रं माझ्याकडेच येतात. या अक्षरानं मी एक चूक केलेली आहे. ती आधी सांगतो आणि मग भांडायला सुरुवात करतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहल्ल्यातल्या एका नवरा-बायकोचं बिनसलं होतं. जमातीची बैठक बसली. शंभराचा स्टॅम्प पेपर आणला गेला आणि 'मास्टरसाबकू बुलाव' असा निरोप आला. मी गेलो. पाच-सहा बुजुर्ग, मुलाचा बाप, त्याचे दोन चुलते, मुलीकडून एकटा भाऊ. तो भाऊ मुलाच्या चुलत्याच्याच दुकानात कामाला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो : चाळीस हजार रुपये एकरकमी, मेहेर माफ, दोन्ही मुलं आईकडे, आणि यापुढे स्वतःसाठी किंवा मुलांसाठी नफक्याची कोणतीही मागणी करणार नाही. मुलगी आतल्या खोलीत होती. कागद आत गेला, सही होऊन बाहेर आला. तो तिला कुणी वाचून दाखवला नाही. मीही नाही. चहा झाला, अक्षराची तारीफ झाली, 'घर की बात घर में मिट गई' म्हणत सगळे उठले.

पुढे तिची मुलगी माझ्या वर्गात पाचवीला आली. गणवेशाच्या पैशांची मुदत मागायला आई आली होती. जाता जाता दारात थांबून तिनं विचारलं, "मास्टरसाब, वो कागज में तुम क्या लिखे थे?"

आता भांडण.

आमच्याकडे सुलह हा शब्द फार मोठा आहे आणि तो असायलाच हवा. सूरह निसामध्ये पती-पत्नीत फूट पडेल असं वाटलं तर एक पंच त्याच्या घरातला आणि एक पंच तिच्या घरातला नेमायला सांगितलं आहे. एक त्याचा, एक तिचा. यात बरोबरीचा हिशेब आहे, तो लहान मुलालाही कळेल. आमच्या बैठकीत त्याचे तिघे, तिचा मिंधा भाऊ एक, आणि उरलेले बुजुर्ग मुलाच्या बापाबरोबर रोज नमाजला उभे राहणारे. याला तुम्ही कोणत्या तोंडानं शरियत म्हणता? सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये शमीम आरा प्रकरणात हेच सांगितलं, की तलाकला वाजवी कारण हवं आणि त्याआधी दोन्ही घरांतल्या पंचांकडून समेटाचा प्रयत्न झालेला हवा. म्हणजे कोर्टानं आमचीच गोष्ट आम्हाला परत ऐकवली. आम्ही मात्र 'कोर्ट आमच्या दीनमध्ये दखल देतं' म्हणून सभा घेत बसलो.

माझा आक्षेप तडजोडीला नाही, हे नीट ऐका. कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, मुलं शेजारी ठेवावी लागतात. 'जा, केस कर' असा सल्ला देणारे शहरातले सुधारक त्या तारखेला सोबत नसतात. तडजोड हवीच. पण आपला हक्क किती हे माहीत नसलेल्या माणसानं केलेल्या तडजोडीला तडजोड म्हणत नाहीत. बाजारात भाव माहीत नसलेल्या शेतकऱ्यानं माल विकला तर तुम्ही म्हणता, लुटला गेला. मग आतल्या खोलीतून सही करणाऱ्या मुलीबद्दल 'मान गई' कसं म्हणता?

मी लिहिलेल्या त्या कागदाचंच घ्या. मुलांच्या पोटगीचा हक्क हा मुलांचा असतो, आई तो सोडून देऊ शकत नाही. म्हणजे ते वाक्य माझ्या सुबक अक्षरात असूनही पोकळ होतं. तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्यानं इद्दतीच्या काळातच करायची असते, ती तरतूद फक्त इद्दतीच्या तीन महिन्यांपुरती नसते, हे 2001 मध्ये दानियल लतीफी प्रकरणात ठरून गेलं होतं. चाळीस हजारांत ती तरतूद होत होती का, हे विचारणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. मला स्वतःला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. पदवीधर मास्तरला ठाऊक नव्हतं, तर तिला कुठून असणार?

आणि हे सांगणारा माणूस फुकट मिळत होता. राज्यघटनेत 1976 साली कलम 39-अ आलं, त्यावर 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो लागू आहे. त्याच्या कलम 12 नुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. मुलांना मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना मिळतो, कोठडीतल्या माणसाला मिळतो. कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात याचं कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे, 15100 हा फोन नंबर आहे. आमच्या बैठकीपासून तालुक्याचं कोर्ट चालत वीस मिनिटांवर होतं.

शाहबानोचं नाव आमच्या पोरासोरांनाही माहीत आहे, कारण 1985 पासून दोन्ही बाजूंनी तिच्या नावानं राजकारण केलं. पण हुसैनारा खातून कोण, असं मी एकदा स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा एकालाही सांगता आलं नाही. बिहारच्या तुरुंगात खटल्याविना पडून राहिलेल्या कैद्यांपैकी ती एक. तिच्या नावाच्या प्रकरणात 1979 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. या देशात फुकट वकिलाच्या हक्कावर एका मुसलमान बाईचं नाव कोरलेलं आहे आणि आमच्या एकाही जलशात ते घेतलं जात नाही.

सरकारलाही मोकळं सोडायचं कारण नाही. मध्यंतरी एका शाळेत कायदेविषयक शिबिर झालं. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, चार भाषणं, फोटो. सगळं छापील मराठीत, ज्यातलं अर्धं मलाही दोनदा वाचावं लागलं. समोर बसलेल्या आयांपैकी निम्म्या उर्दू वाचणाऱ्या, उरलेल्या काहीच न वाचणाऱ्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर शांतता. वकीलसाहेब म्हणाले, "यांना काही अडचण दिसत नाही." अहो, यांची अडचण हीच आहे, की तुम्ही काय बोललात ते त्यांना कळलं नाही! आणि मोफत वकील मिळाल्यावर 'झेरॉक्सचे, टायपिंगचे' म्हणून पैसे मागितले गेल्याच्या तक्रारी मी दोन-तीन आयांकडून ऐकल्या आहेत. ज्या दिवशी बाईनं पहिले पाचशे दिले, त्या दिवशी मोफत हा शब्द खोटा झाला.

लोकअदालतीचंही तसंच. चांगली गोष्ट आहे. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या मंडळाला निकाल लादायचा अधिकार नाही. दोघं राजी असतील तरच तडजोड नोंदवायची, नाही तर प्रकरण परत कोर्टात. हे पॅनेलसमोर उभ्या असलेल्या बाईला कुणी सांगतं का? अपील नाही, याचा अर्थ दुहेरी आहे. बरोबर तडजोड झाली तर कायमची सुटका, चुकीची झाली तर बहुधा कायमची अडकली. वाहतुकीचे चलान, वीजबिलं आणि बँकेची थकबाकी मोजून हजारो प्रकरणं मिटल्याची बातमी येते. त्या गठ्ठ्यात पोटगीच्या बाईला किती मिनिटं मिळाली, ते बातमीत नसतं. 2007 च्या 15 ऑगस्टला आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गावाला बक्षीस होतं. बक्षीस लावलं की तंटा मिटतो की दबतो, हा प्रश्न मोहल्ल्यालाही लागू आहे. आमच्याकडे रोख बक्षीस नाही, 'इज्जत' आहे.

मारहाण असेल तिथे तर बैठकीनं हातच घालू नये. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे. डोकं फुटलेल्या बाईला 'सब्र कर' सांगणारा बुजुर्ग मारणाऱ्याच्या बाजूनं उभा आहे, मग त्याची दाढी कितीही पांढरी असो.

यावर मला एक सज्जन म्हणाले, "मास्टरसाब, आप तो घर तोडने की बात कर रहे." मी विचारलं, घर कोणतं? ती बाई भावाच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती.

त्या बाईला मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत घेऊन गेलो. उशीर खूप झाला होता, पण मुलं अजून लहान होती. साधा अर्ज लागतो, तो मीच लिहिला. या वेळी तिला तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाचताना तिनं थांबवलं आणि मुलाचं वय चुकलंय म्हणाली. खरंच चुकलं होतं. खोडून बरोबर केलं, मग तिनं सही केली. मुलांची पोटगी ठरली, तीही अखेर तडजोडीनंच, पण वकील तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून.

त्यानंतर जमातीचा निरोप पुन्हा एकदा आला होता. मी म्हणालो, येतो. पण मुलगी समोर बसेल, तिचा पंच ती स्वतः निवडेल, सहीआधी कागद मोठ्यानं वाचला जाईल, आणि त्याआधी ती एकदा समितीच्या वकिलाला भेटून येईल. बरं म्हणाले.

पुन्हा बोलावणं आलेलं नाही. कागद लिहायला आता दुसरा कुणी तरी जातो. त्याचं अक्षर ठीकच आहे म्हणतात.