घुबड नालायक, शिंपली लायक!

‘जो टिकला तो लायक’ असं म्हणणाऱ्या मंडळींशी माझं पटत नाही. असं म्हणणारा माणूस स्वतःला टिकलेल्यांत धरूनच बोलत असतो. (त्यांतले बरेचसे वडिलोपार्जित घरात टिकलेले असतात, ते सोडा.) या मंडळींना न्यूझीलंडचा दाखला आवडावा : तिथलं घुबड गेलं आणि शिंपली आली. झाला निसर्गाचा न्याय!

ते हसरं घुबड. खदाखदा हसल्यासारखं ओरडायचं म्हणून हे नाव. राहायचं खडकांच्या कपारीत, खायचं सरडे नि उंदीर. कुणी अकॉर्डियन वाजवलं तर म्हणे ऐकायला जवळ यायचं. आता, मी पेटी काढली की आमच्या शेजारी खिडक्या धडाधड लागतात. तेव्हा इतक्या रसिक जिवाला नालायक म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

बरं, ते गेलं कसं? गोऱ्या वसाहतवाल्यांनी हौसेनं ससे नेले. ससे माजले, मेंढ्यांचं गवत फस्त करू लागले. त्यावर उतारा म्हणून १८८०च्या दशकात स्टोट नावाचं, मुंगसाच्या चणीचं जनावर आणून सोडलं. पळत्या सशापेक्षा कपारीतलं घरटं त्याला सोपं! वर मांजरं होतीच, आणि संग्रहालयांसाठी पक्षी पकडणारेही होतेच. १९१४च्या जुलैत कँटरबरीत एक घुबड मेलेलं सापडलं, ते शेवटचं.

आता शिंपली. मूळची पूर्व आशियातली, गोड्या पाण्यातली, आपल्या तिसऱ्यांच्या आकाराची. नर-मादी एकाच शिंपलीत. एक पोचली की वंश चालू. १९८०मध्ये अमेरिकेत आर्कान्सातल्या अणुवीज केंद्राच्या नळ्यांत हिनं असं ठाण मांडलं की संच बंद ठेवावा लागला! २०२३मध्ये ती न्यूझीलंडच्या वायकाटो नदीत सापडली. एवढा खारा समुद्र ती काही पोहून गेली नाही. माणसानंच नेली असणार, नकळत का होईना.

म्हणजे एकाच्या घरात चोर सोडला, दुसरीला फुकट तिकीट दिलं, आणि निकाल लावला निसर्गाच्या नावावर!

त्याच नदीत काकाही नावाची तिथली मूळची शिंपली आहे. माओरी लोक ती पिढ्यान्‌पिढ्या खात आले. नवी पाहुणी तिच्या तोंडचा घास पळवील अशी धास्ती आहे, म्हणून बोटी धुऊन-सुकवून मगच दुसऱ्या पाण्यात घाला, असं तिथे लोकांना बजावताहेत. समजा, एखाद्यानं आळस केला आणि काकाही गेली, तर तिलाही नालायक ठरवायला आमची मंडळी तयारच आहेत.