करार परदेशी, पासपोर्ट पेटीत

आमच्या भागातील एका महाविद्यालयाच्या सल्लागार समितीवर 'शाळांचा प्रतिनिधी' म्हणून माझी वर्णी लागली आहे. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी चालू आहे. मी बहादरपूरचा, बऱ्हाणपूर जिल्ह्यातला, पेशाने मुख्याध्यापक. आमच्या हाताखालून गेलेली मुले पुढे या महाविद्यालयात जातात, एवढाच माझा अधिकार.

यंदाच्या पावसाळ्यात झालेल्या बैठकीत पहिलाच विषय होता : विदेशी संस्थांशी सहकार्य आणि विद्यार्थ्यांचे आदानप्रदान. पाच पानांचा इंग्रजी मसुदा सगळ्यांच्या हाती दिला गेला. कागद गुळगुळीत, वर दोन बोधचिन्हे. मी शिक्षक माणूस. उत्तरपत्रिका शेवटपर्यंत वाचायची खोड जात नाही. सातव्या कलमावर माझे बोट थांबले. त्याचा सरळ अर्थ असा, की या करारामुळे दोन्ही पक्षांपैकी कोणावरही कसलीही आर्थिक जबाबदारी येणार नाही. मी विचारले, "मग मुलाच्या विमानाचं भाडं कोण देणार?" समोरून उत्तर आले, "सर, वो तो बाद की बात है. पहले साइन तो हो जाने दीजिए."

वाचकहो, माझे भांडण या 'बाद की बात'शी आहे.

2023 साली अशाच एका कराराचा समारंभ झाला होता. संस्था दुसरी, तिचेही नाव नको. हार झाले, फोटो झाले, पेढे झाले. एक पेढा मीही खाल्ला आणि चार शब्द बोललो. तापीकाठची आमची लेकरे आता सातासमुद्रापार जाणार, असे काहीसे बोललो असेन. टाळ्या पडल्या. त्या सभेत माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरी केळीची चार एकर बाग. एक सहामाही परदेशात शिकता येईल, असे तिला तिथल्या प्राध्यापकांनी सांगितले आणि माझ्या भाषणाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वडिलांनी केळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. दीड हजार पासपोर्टला गेले, मग इंग्रजीचा क्लास, मग इंदूरला जाऊन द्यायच्या परीक्षेची सतरा हजारांच्या घरातली फी. मुलगी पास झाली, चांगल्या गुणांनी झाली. त्यानंतर तिला सांगण्यात आले की करारात फक्त 'प्रवेशासाठी विचार केला जाईल' एवढेच आहे. फी, राहणे, जाणे-येणे हे ज्याचे त्याने पाहायचे.

तिचे वडील माझ्याकडे आले. रागावले नव्हते, हेच मला जास्त लागले. म्हणाले, "सर, ते परीक्षेचे पैसे वापस भेटतील का?" भेटणार नव्हते. पासपोर्ट लोखंडी पेटीत गेला. सातव्या कलमावर माझे बोट थांबले ते काही माझ्या हुशारीमुळे नव्हे.

असे करार का होतात, हे गुपित नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन होते आणि त्या तक्त्यात सामंजस्य करारांसाठी एक रकाना असतो. करार चालू आहे की नाही हे दाखवायला एखादे ऑनलाइन व्याख्यान पुरते. रकाना भरला की श्रेणी सुधारते, श्रेणी सुधारली की अनुदानाची आशा. यात कोणी चोर आहे असे मी म्हणत नाही. प्राचार्यांनाही वरून विचारणा होते. पण रकाना भरण्यासाठी केलेल्या कराराला 'विद्यार्थ्यांची संधी' म्हणून मंडपात मिरवले, तर ती फसवणूक होते, मग फसवणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही जुन्या वळणाचे, तुम्हाला परदेश नकोसा वाटतो. मुळीच नाही. उलट, परदेशी शिक्षणाची जी परंपरा मराठी माणसाने स्वतः घडवली, ती या पुढाऱ्यांनी वाचलेली नाही अशी माझी तक्रार आहे.

आनंदीबाई जोशींचे नाव प्रत्येक भाषणात येते. पण त्या गेल्या कशा, हे कोणी सांगत नाही. गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आले. ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना वाचले आणि 1880 मध्ये त्यांनी पत्र पाठवले. पुढची तीन वर्षे दोन घरांत पत्रे चालली. 1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या तेव्हा पलीकडच्या धक्क्यावर त्यांना ओळखणारे, घरी नेऊन ठेवून घेणारे माणूस होते. आणि 1886 मध्ये पदवी मिळाली तेव्हा अलीकडेही जागा तयार होती : कोल्हापूर संस्थानने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातला स्त्रियांचा विभाग त्यांच्यासाठी ठेवला होता. आयुष्याने साथ दिली नाही, 26 फेब्रुवारी 1887 ला त्या गेल्या. पण व्यवस्थेत उणे नव्हते. बोधचिन्हे नव्हती, पाहुणी घेणारे घर होते.

रँग्लर परांजप्यांचे पाहा. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाले. सगळ्या दुनियेची दारे उघडी असताना परत आले आणि 1902 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, कारण जाण्याआधीच डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिलेला होता. संस्थेलाही ठाऊक होते की हा माणूस आला की कोणत्या खुर्चीवर बसवायचा.

आणि सयाजीराव महाराजांचा करार तर आजच्या प्रत्येक प्राचार्यांनी चौकटीत लावावा असा आहे. 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी बडोदे सरकारने दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, असे ठरवून दिले, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी अशी अट लिहून घेतली. रक्कम आकड्यात, मुदत आकड्यात. 'कोणावरही आर्थिक जबाबदारी नाही' असे कलम त्यात घातले असते, तर आंबेडकर मुंबईच्या बंदरावरूनच घरी परतले असते. अर्थात तो करारही अपुरा पडला, हे सांगितले पाहिजे. 1917 मध्ये ते बडोद्याला रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. राजाने पैसे दिले, पदही दिले. गावाने घर दिले नाही. परदेशाहून शिकून आलेल्या पोराला आपण गावात कुठे सामावून घेणार, हा प्रश्न तेव्हाही कागदाच्या बाहेर राहिला होता.

आजचे नियम पाहू, कारण समारंभात तेही सांगितले जात नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये परदेशी संस्थांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदव्या देण्याचे नियम केले. त्यांनुसार आपल्याकडची संस्था नॅकच्या किमान 3.01 गुणांची, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या पहिल्या शंभरात, किंवा खास दर्जाप्राप्त हवी. पलीकडची संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. आमच्यासारख्या भागातली बहुतेक छोटी महाविद्यालये या चाळणीतून खाली पडतात. पदवीचा भाग नसलेली छोटी देवाणघेवाण करायला मनाई नाही, पण मग तसे स्पष्ट सांगा. 'फॉरेन डिग्री'चा फलक लावू नका.

शिष्यवृत्तीची गंमत तर आम्हा सीमेवरच्यांनाच कळेल. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या मुलांसाठी चांगली योजना आहे, पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशाला. रावेरचा मुलगा अर्ज करू शकतो, त्याचा बऱ्हाणपूरचा मावसभाऊ करू शकत नाही. त्याने भोपाळकडे पाहायचे. आणि दिल्लीची असो, मुंबईची असो की भोपाळची, या योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत. बी.एस्सी.तल्या मुलीच्या एका सहामाहीसाठी नाहीत. जर्मनीत शिकायला जायचे तर वर्षाचे 11,904 युरो खात्यात आधी गोठवून दाखवावे लागतात. आपल्या पैशात अकरा लाखांच्या पुढेच. केळीच्या उचलीतून हे होणार नाही, हे समितीतल्या प्रत्येकाला कळते.

2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. दहा हजार तरुणांची गोष्ट होती. तो नोकरीचा मामला, शिक्षणाचा नव्हे. पण त्यात एक गोष्ट धरली होती, की आधी जर्मन भाषा शिकवावी लागेल. आमच्या मसुद्याच्या पाच पानांत भाषेवर एक ओळ नाही. जी मुले घरी मराठी, वर्गात हिंदी आणि परीक्षेपुरते इंग्रजी वापरतात, ती तिकडच्या वर्गात पहिल्या दिवशी काय ऐकणार?

त्याच बैठकीत मी आणखी एक विचारले : तिकडची मुले इकडे येणार का? 'आदानप्रदान' म्हटले तर दोन्ही शब्द हवेत. एक सभासद हसून म्हणाले, "सर, वो लोग यहाँ आके क्या सीखेंगे?" बाकीचेही हसले. त्या हसण्यातच आपला सगळा रोग आहे.

काय शिकतील? बऱ्हाणपूरच्या जमिनीखाली 1615 च्या सुमारास खोदलेला कुंडी भंडारा आहे. शंभरावर कुंड्या, त्यांना जोडणारा भुयारी पाट, सातपुड्यात मुरलेले पाणी उतारावर नुसत्या वजनाने शहरात आणणारा. इराणातल्या कनातीची ही विद्या. इराणच्या कनाती 2016 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. आपला भंडारा 2024 मध्ये संभाव्य यादीवर आला. पाण्याचे शास्त्र शिकणाऱ्या कोणत्याही देशाच्या मुलाला इथे एक सहामाही कमी पडेल. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी इथून गेला, त्याने लिहून ठेवले आहे की इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, कैरोपर्यंत जाते. आज त्याच शहरात यंत्रमागांचा खडखडाट आहे. आणि परदेशी पाहुण्याला ठेवायचे कुठे, हा प्रश्न तर कोणी काढूच नये. दर्गा-ए-हकीमीला देशोदेशीचे बोहरा यात्रेकरू वर्षानुवर्षे येतात, राहतात, जेवतात. शहराला पाहुण्यांची सवय आहे. सवय नाही ती महाविद्यालयाला.

मग करार कोणाशी करायचा? आमच्या मसुद्यात अमेरिकेतले एक कम्युनिटी कॉलेज आहे. त्या संस्थांबद्दल मला आदर आहे. 1901 मध्ये जोलिएट गावात सुरू झालेली ही चाल, दोन वर्षांचे शिक्षण, गावातल्या नोकरदार, कष्टकरी माणसाला परवडेल असे. पण त्यांचा गुण हाच की ती आपापल्या गावाची आहेत. त्यांच्याकडून घ्यायचे तर ते घ्या : आपल्या गावाला काय लागते ते आधी पाहा. बऱ्हाणपूर आणि जळगाव हा केळीचा पट्टा. कुकुंबर मोझॅक विषाणूने इथल्या बागा उपटून टाकाव्या लागल्या आहेत. केळी निर्यातीत इक्वाडोर जगात पहिला, फिलिपाइन्सही मोठा. फिलिपाइन्सच्या मिंदानाओ बेटावर पनामा मर रोगाने बागायतदारांची झोप उडवली. तिथल्या एखाद्या छोट्या कृषी महाविद्यालयाशी आमच्या मुलांनी बोलावे, पत्रे लिहावीत, पानांचे फोटो पाठवावेत, दोन वर्षांनी तिकडचे दोन इकडे आणि इकडचे दोन तिकडे जावेत. माझ्या त्या विद्यार्थिनीला याच्याइतका उपयोगी परदेश दुसरा नव्हता. पण फिलिपाइन्सचे नाव घेतल्यावर समितीत कोणाचे डोळे चमकले नाहीत. मंडपात अमेरिका शोभते.

आणि अमेरिकेच्या आधी मला रावेर दाखवा. राज्याची सीमा ओलांडून आमच्या मुलाने एक सहामाही जळगावच्या विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात करावी आणि तिचे श्रेयांक इकडे मोजले जावेत, असा एक करार आमच्या महाविद्यालयाने केलेला नाही. श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी 2021 मध्ये झाली, नियमाची अडचण राहिली नाही. आमच्या मुलांना मराठीत विज्ञान ऐकायला मिळेल, तिकडच्यांना चांगली हिंदी मिळेल, आणि खर्च एसटीच्या पासचा. जे महाविद्यालय पाऊण तासावरच्या गावाशी देवाणघेवाण करू शकत नाही, त्याला समुद्रापलीकडची कशी जमणार? हे मी बैठकीत बोललो. इतिवृत्तात 'सदस्यांनी उपयुक्त सूचना केल्या' एवढे आले आहे.

पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. मसुदा माझ्या टेबलावर पडला आहे. सातवे कलम मी लाल शाईने खोडले आहे आणि समासात लिहिले आहे : दर वर्षी दोन विद्यार्थी, त्यांचा जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात आधी, सही नंतर, जाण्यापूर्वी एक वर्ष भाषेचा वर्ग, परत आल्यावर प्रयोगशाळेत वर्षभर मानधनाची जागा. रक्कम मी बसून काढली. गेल्या स्नेहसंमेलनाच्या मंडप, जेवण आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चात दोन मुले मनिलाला जाऊन येतात. हा हिशेब मी समितीपुढे ठेवणार आहे. मान्य झाला नाही तर माझी सही त्या कागदावर नसेल आणि यावेळी पेढाही मी घेणार नाही.

ती मुलगी सध्या एम.एस्सी. करते आहे, बागेचे औषध-पाणीही तीच बघते. मसुद्यातले इंग्रजी मला अडले तिथे तिनेच समजावून दिले. सातवे कलम वाचून ती म्हणाली, "सर, हे तेव्हाही होतं. आम्हाला कोणी वाचायला दिलं नव्हतं."